चेरीच्या फळीवरची वाफ

१८०५ साली जपानमधल्या ओदावारा गावाने शेजारच्या युमोतो गावाविरुद्ध शोगुनच्या अधिकाऱ्यांकडे फिर्याद नेली. तक्रार अशी, की युमोतोचे सराईवाले वाटसरूंना एका रात्रीपुरते मुक्कामाला ठेवून घेतात.

यात गुन्हा कोणता, हे समजायला तोकाइदो रस्त्याची रीत माहीत हवी. एदो म्हणजे आजचे तोक्यो. तिथून क्योतोला जाणाऱ्या या समुद्रकाठच्या हमरस्त्यावर सरकारने ५३ ठाणी नेमली होती. प्रत्येक ठाण्याने सरकारी डाकेसाठी आणि सरदारांच्या लवाजम्यासाठी १०० हमाल आणि १०० घोडे कायम तयार ठेवायचे, असा दंडक होता. ही वेठच होती, आणि ती गावांना पिळून काढी. तिच्या मोबदल्यात ठाण्यांना एक हक्क मिळाला होता. प्रवाशाने रात्र काढायची ती ठाण्यावरच. दोन ठाण्यांच्या मधल्या गावाने चहा पाजावा, चपला विकाव्यात, पण अंथरूण घालू नये. युमोतो हे ओदावारा आणि हाकोने या दोन ठाण्यांच्या मधले गाव. वेठ नाही, घोडे नाहीत. पण त्याच्या जमिनीतून गरम पाणी येत होते.

गरम पाण्याच्या कुंडावर उपचारासाठी राहण्याला जपानीत ‘तोजी’ म्हणतात. त्याचा हिशेब सात दिवसांच्या फेऱ्यांनी होई. एक फेरी सात दिवसांची. गुण यायचा असेल तर तीन फेऱ्या, म्हणजे एकवीस दिवस. रोग्याला मुक्कामाची मुभा होती, कारण रोगी हा वाटसरू नव्हे. युमोतोच्या लोकांनी यातून वाट काढली. एखाद्याने एकच रात्र उपचार घ्यायचा ठरवला, तर त्याला नाही कसे म्हणायचे? मग तीर्थयात्रेला निघालेल्या मंडळींचे जथेच्या जथे एका रात्रीचे रोगी होऊ लागले. ओदावाराची गिऱ्हाइके वाटेतच गळू लागली. निकाल मात्र युमोतोच्या बाजूने लागला. ही जुनीच चाल आहे, ती चालू द्यावी, असे अधिकाऱ्यांनी ठरवले.

मला हा खटला महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या निकालामुळे नाही, तर ‘उपचार’ या शब्दाला त्यात जी ताणाताणी सोसावी लागली तिच्यामुळे. तोकुगावा राजवटीत सामान्य माणसाला मनात आले म्हणून गाव सोडता येत नसे. दस्तक लागे, आणि दस्तकावर कारण लागे. सहसा कोणी हरकत घेणार नाही अशी कारणे दोन होती, देवदर्शन आणि दुखणे. त्यामुळे देशभर लोक मोठ्या भक्तिभावाने इसेच्या देवळाला निघत आणि मोठ्या निष्ठेने आजारी पडत. गुडघेदुखी ही त्या काळची सुट्टी होती. आणि जिथे अशी सुट्टी घेणारे हजारो लोक तयार होतात, तिथे त्या जागांची चित्रे विकणारेही तयार होतात. जपानी लाकडी ठशांच्या छापचित्रांत, म्हणजे उकियो-ए परंपरेत, गरम झऱ्यांची गावे येतात ती या वाटेने.

पहिली पायरी चित्रांची नव्हे, क्रमवारीची होती. सुमो कुस्तीत मल्लांची श्रेणी जाहीर करणारे एक पत्रक छापतात, पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू पाडून, वरच्या मल्लांची नावे मोठ्या अक्षरांत आणि खालच्यांची बारीक होत जाणारी. त्याच साच्यावर गरम झऱ्यांची पत्रके निघू लागली. एकोणिसाव्या शतकात ती भराभर छापली जात. पूर्वेला सर्वांत वर कुसात्सु, पश्चिमेला आरिमा. त्यांच्याखाली नासु आणि किनोसाकी. वरचा मान ‘ओझेकी’चा, कारण ‘योकोझुना’ ही श्रेणी तेव्हा पत्रकात नसे. कुठले पाणी कशावर चालते, किती दूर आहे, हेही त्यातच. हा कागदही लाकडावरच कोरलेला, पण चित्र नसलेला. तो घरी भिंतीवर लावून माणूस न केलेले प्रवास मोजू शकत होता.

हाकोनेची गोष्ट वेगळी. एदोपासून दोन-तीन दिवसांच्या पायपिटीवर डोंगरात सात कुंडे होती: युमोतो, तोनोसावा, दोगाशिमा, मियानोशिता, सोकोकुरा, किगा आणि आशिनोयु. कुसात्सुची ख्याती मोठी, पण तिथे पोचणे कष्टाचे. हाकोने जवळचे, राजरस्त्याला लागून असलेले. आणि आणखी एक गोष्ट होती, जी मला नकाशा उघडेपर्यंत ध्यानात आली नव्हती. हाकोनेच्या तळ्याकाठी शोगुनचा सर्वांत कडक नाका होता. सरदारांची कुटुंबे एदोत ओलीस ठेवलेली असत, त्यामुळे एदोतून बाहेर जाणाऱ्या बायकांवर या नाक्याची विशेष नजर. बाईच्या दस्तकात वर्णन असे, आणि नाक्यावरची तपासनीस बाई तिचे केससुद्धा विंचरून पाही. हाकोनेची सातही कुंडे या नाक्याच्या अलीकडे, एदोच्या बाजूला आहेत. म्हणजे एदोतल्या बाईला डोंगरात जाऊन, वाफेत बसून, मैत्रिणींबरोबर हसून-खिदळून परत येता येत होते, त्या तपासनीस बाईच्या हाती आपले केस न देता.

हे लक्षात ठेवून तोरी कियोनागाची चित्रे पाहावीत. १७८० च्या दशकात त्याने हाकोनेच्या सात कुंडांवर एक मालिका केली. कियोनागाच्या बायका उंच, सावकाश चालणाऱ्या, कुठेही घाई नसलेल्या. (शहरातल्या न्हाणीघराचे त्याचे एक जोडचित्र पुढे पॅरिसमध्ये एद्गार देगाच्या संग्रहात होते, टबात वाकलेल्या बायका रंगवणाऱ्या माणसाने ते विकत घेतले यात नवल नाही.) हाकोनेच्या मालिकेत गाव हे निमित्त आहे आणि बायका हा विषय आहे.

हिरोशिगेने ते उलटे केले. उतागावा हिरोशिगे १७९७ चा, एदोतल्या आगीच्या बंबावरच्या शिपायाच्या घराण्यातला. १८३३-३४ च्या सुमारास आलेल्या तोकाइदोच्या ५३ ठाण्यांच्या मालिकेने तो घरोघरी पोचला. त्या मालिकेतले हाकोने सर्वांच्या ओळखीचे आहे: मधोमध रंगीत तुकड्यांचा उभा सुळका, डावीकडे शांत तळे, आणि दोन कड्यांच्या फटीतून मुंग्यांसारखी उतरणारी लवाजम्याची रांग. असा सुळका तिथे नाही. तिथल्या चढाने पायांत जे गोळे येतात त्यांचे ते चित्र आहे. त्या चित्रात गरम पाण्याचा मागमूस नाही, कारण ते रस्त्याचे चित्र आहे, थांबण्याचे नव्हे. थांबण्याची चित्रे त्याने नंतर केली. १८५० च्या दशकाच्या आरंभी त्याने सात कुंडांची वेगळी मालिका काढली, आणि तिथे सुळका नाही. तिथे दरी आहे, पाण्यावरचा पूल आहे, उतारावर एकमेकांना धरून उभी असलेली छपरे आहेत.

रस्ता सोडून कुंडाकडे वळण्याला बाजाराचेही कारण होते. १८४२ च्या तेन्पो सुधारणांनी नटांची आणि गणिकांची चित्रे छापायला बंदी केली. हीच तर धंद्याची भाकरी होती. रंगांच्या ठशांची संख्या ठरवून दिली, एका कागदाची किंमत सोळा मोनच्या वर जाऊ नये असे बजावले. सोळा मोन म्हणजे सोबा शेवयांच्या एका वाटीचे पैसे. बंदी काही वर्षांतच सैल झाली, पण प्रकाशकांना एक धडा मिळाला: देखाव्यांवर कोणी हरकत घेत नाही. देवदर्शन आणि दुखणे यांच्यासारखेच डोंगर आणि नदीसुद्धा दस्तकावर लिहिता येण्याजोगे कारण ठरले.

आता तंत्राकडे. या चित्रांचा कणा म्हणजे रेघ. चित्रकार पातळ कागदावर शाईने काढतो, तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवतात, आणि कोरणारा रेघेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून रेघ उभी ठेवतो. त्यानंतर एकेका रंगाची एकेक फळी. छापणारा फळीवर रंग लावून, वर ओला कागद ठेवून बारेनने घासतो. बारेन म्हणजे बांबूच्या सालीत गुंडाळलेली चपटी गोल गादी. चित्रकार, कोरणारा, छापणारा, आणि त्या तिघांना पैसे देणारा प्रकाशक, अशा चौघांचे हे काम, आणि नाव होते फक्त चित्रकाराचे.

या पद्धतीत डोंगर येतो, पाऊस तर फारच छान येतो, कारण पाऊस म्हणजे रेघाच. वाफ येत नाही. वाफेला रेघ नसते. तिची कड कोरायला गेले की ती ढग होते किंवा कापूस होते. म्हणून जुने चित्रकार बहुधा वाफेच्या वाटेला जात नाहीत. ते कुंडाचे गाव दाखवतात, कुंडावर येणारी माणसे दाखवतात, न्हाऊन निघालेली आणि अंगावर सैल किमोनो टाकलेली बाई दाखवतात. प्रत्यक्ष पाणी छपराखाली राहते. छापणाऱ्याकडे एकच उपाय होता, ‘बोकाशी’. फळीवरचा रंग ओल्या फडक्याने किंवा कुंचल्याने पुसत न्यायचा, म्हणजे कागदावर तो गडद होऊन विरत जातो. हे प्रत्येक कागदासाठी नव्याने, हाताने करावे लागते. दोन प्रतींतली धुकी कधीच सारखी नसतात. १८३० च्या आसपास प्रशियन निळा रंग मुबलक मिळू लागल्यावर या विरत जाणाऱ्या पट्ट्यांना खोली आली. पण तेव्हा त्या आभाळासाठी आणि समुद्रासाठी वापरल्या गेल्या. वाफेला आणखी ऐंशी वर्षे थांबावे लागले.

मधली ऐंशी वर्षे थोडक्यात सांगतो. १८५४ मध्ये अमेरिकी आरमाराचा पेरी शिमोदा बंदरात उतरला. त्याच्याबरोबरच्या विल्हेल्म हाइने या चित्रकाराने तिथल्या सार्वजनिक न्हाणीघराचे चित्र काढले: बायका-पुरुष एकाच खोलीत, निवांत अंग धुताना. ते १८५६ च्या सरकारी वृत्तांतात छापले गेले आणि पुढच्या प्रतींतून काढूनही टाकले. ज्या लोकांनी दीडशे वर्षे न्हाण्याची चित्रे सोबाच्या किमतीत विकली होती त्यांना आता पाहुण्यांच्या नजरेची लाज वाटू लागली. १८७२ मध्ये तोक्योच्या नव्या नियमांत एकत्र स्नान हा दंडनीय अपराध ठरला. १८७८ मध्ये मियानोशिताला परदेशी पाहुण्यांसाठी फुजिया हॉटेल उघडले. हाकोनेची आठवण म्हणून न्यायला आता हाताने रंगवलेले फोटो होते, आणि १९०० मध्ये खासगी पोस्टकार्डांना परवानगी मिळाल्यावर चित्रकार्डे आली. लाकडाची फळी या स्पर्धेत टिकली नाही.

तिला पुन्हा उभे केले ते एका दुकानदाराने. वातानाबे शोझाबुरो हा निर्यातीच्या धंद्यात मुरलेला माणूस. परदेशात जुन्या छापचित्रांची भूक आहे, आणि जुनी चित्रे संपत चालली आहेत, हे त्याला कळत होते. चौघांची ती जुनी कामाची पद्धत ठेवून नवी चित्रे काढायची, असे त्याने ठरवले. त्या चळवळीला ‘शिन-हांगा’, नवी ठसाचित्रे, असे नाव पडले. १९१८ मध्ये त्याच्याकडे पस्तिशीचा एक चित्रकार आला, कावासे हासुई. हासुईने आणलेली पहिली तीन चित्रे शिओबाराची होती. शिओबारा हे तोक्योच्या उत्तरेचे गरम झऱ्यांचे दरीतले गाव. तिथे त्याची आत्या राहत असे आणि लहानपणी तो तिच्याकडे जात असे. म्हणजे हिरोशिगेला जे गाव विषय म्हणून मिळाले, तसे हासुईला आजोळासारखे मिळालेले होते. त्याच्या चित्रांत गर्दी नसते. एखादे माणूस पाठमोरे, छत्री घेतलेले. रात्र, पाऊस, बर्फ, आणि कागदी दारामागे एकच पिवळा उजेड.

वातानाबेच्या छापणाऱ्यांनी वाफेचा प्रश्नही सोडवला. बारेनच्या घासण्याच्या खुणा पूर्वी दोष मानत, त्या लपवत. इथे त्या मुद्दाम ठेवल्या. सपाट रंगात गोल फिरलेल्या हाताच्या पुसट खुणा दिसू लागल्या आणि हवा दमट झाली. बोकाशी आभाळातून उतरून गल्लीत आली.

१ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात वातानाबेचे दुकान जळाले. फळ्या गेल्या, छापलेला साठा गेला. हासुईचे घर जळाले, आणि त्याबरोबर त्याच्या रेखाटनांच्या १८८ वह्या. वातानाबेने त्याला सांगितले, बाहेर पड आणि पुन्हा काढ. त्याच ऑक्टोबरमध्ये तो निघाला आणि १०२ दिवस फिरला, जपानी समुद्राच्या बाजूने पश्चिमेकडे, तिथून शिकोकूपर्यंत. हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत लांब प्रवास. त्यातून ‘प्रवासाच्या भेटवस्तू’ या नावाची तिसरी मालिका निघाली, आणि त्यात १९२४ सालचे एक चित्र आहे: ताजिमा प्रांतातले किनोसाकी.

तेच किनोसाकी, श्रेणीपत्रकातले. शिगा नाओयाने रेल्वेच्या अपघातातून वाचल्यावर तिथे जाऊन विश्रांती घेतली होती आणि १९१७ मध्ये त्यावर कथा लिहिली होती. जपानी साहित्य वाचणाऱ्याला हे गाव तिथूनच माहीत असते. किनोसाकीची रीत अशी की सराईत न्हाणीघर नसे. पाणी गावाचे. गावाची सार्वजनिक कुंडे होती, आणि पाहुणे सराईतून पातळ युकाता घालून, लाकडी पादत्राणे वाजवत, रस्त्याने कुंडावर जात. तिथले लोक म्हणतात, स्टेशन हे आमच्या घराचे दार, रस्ता म्हणजे पडवी, सराया म्हणजे खोल्या आणि कुंडे म्हणजे न्हाणीघर. सगळे गाव मिळून एकच घर.

२३ मे १९२५ ला, सकाळी अकराच्या सुमाराला, उत्तर ताजिमात भूकंप झाला. चुली पेटलेल्या होत्या. किनोसाकी जवळजवळ सगळे जळाले. साऱ्या भागात मिळून चारशेहून जास्त माणसे गेली. एका भूकंपात सगळे गमावलेला चित्रकार ज्या गावाचे चित्र काढून गेला, ते गाव दीड वर्षाच्या आत दुसऱ्या भूकंपात गेले. हासुईला हे माहीत असण्याचे कारण नव्हते, आणि चित्रातही तसे काही सूचक नाही. ते आठवणीखातर घरी न्यायचे एक चित्र आहे. पण १९२५ नंतर त्या कागदाचे काम बदलले. जे पाहायला जाता येईल त्याची ओळख करून देणारा कागद, आता जे नाही त्याचा कागद झाला.

गावकऱ्यांनी काँक्रीटचे नवे शहर न उभारता लाकडी सराया पुन्हा बांधल्या. अधूनमधून आग अडवण्यासाठी मात्र काही इमारती काँक्रीटच्या केल्या. गेंबुदो या जवळच्या बसाल्टच्या कड्यावरून कोसळलेले दगड ओतानी नदीच्या काठाला बसवले. (याच कड्याच्या बसाल्टचा मातुयामा मोतोनोरी या भूशास्त्रज्ञाने पुढच्याच वर्षी अभ्यास केला, आणि पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव कधीकाळी उलटे होते असे १९२९ मध्ये मांडले.) आज जे पर्यटक किनोसाकीचा ‘जुना’ रस्ता पाहायला जातात ते बहुतांशी या पुनर्रचनेतला रस्ता पाहतात.

खरे भांडण पुढे होते. १९२७ मध्ये एका सराईने आपल्या आवारात निघालेल्या गरम पाण्यावर स्वतःचे न्हाणीघर बांधले. जमीन माझी, तर पाणी माझे. गावाने दावा लावला. पाणी गावाचे, प्रत्येक सराईत न्हाणीघर झाले तर रस्त्यावर येईल कोण, दुकाने चालतील कोणाच्या जिवावर? दावा महायुद्ध ओलांडून चालला आणि १९५० मध्ये तडजोडीने मिटला. सगळे पाणी एकत्र करून गावाने वाटायचे, सरायांना आतले न्हाणीघर ठेवता येईल पण ते लहान. ओदावारा आणि युमोतो यांच्या भांडणात प्रश्न होता, गरम पाण्यापाशी मुक्काम कोणी करावा. इथे प्रश्न होता, पाणी कोणाचे. युकातातला पाहुणा संध्याकाळी पादत्राणे वाजवत चालतो, ती शांतता तेवीस वर्षे कोर्टात लढवलेली आहे. असल्या गोष्टी छापचित्रात येत नाहीत, आणि हासुईच्या चित्रांवर माझा आक्षेप आहे तो एवढाच. तो एकांत फार स्वस्तात देतो. त्याची पुष्कळ चित्रे परदेशी गिऱ्हाइकांसाठी होती. १९३० आणि १९३६ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या संग्रहालयात या चित्रांची मोठी प्रदर्शने भरली. त्या गिऱ्हाइकाला दावे-फिर्यादी नको होत्या. आणि त्याच वर्षांत खुद्द जपानी पर्यटक योशिदा हात्सुसाबुरोचे घडीचे विहंगम नकाशे खिशात घालून फिरत होता, ज्यांत रेल्वे, बोटी, हॉटेले, सगळे एका नजरेत मावे. ते यंत्रावर छापलेले. गरम झऱ्यांच्या गावांचे आपल्या काळाशी जुळणारे चित्र तेच होते.

तरीही एका चित्रापुढे माझा आक्षेप गळून पडतो. १९३३ चे, जोशू प्रांतातल्या होशी या डोंगरी कुंडाचे. १८९५ मध्ये बांधलेले लाकडी न्हाणीघर आजही तिथे आहे. तिथे पाणी नळाने येत नाही. कुंडाच्या तळच्या गोट्यांमधून थेट वर येते. हासुई या वेळी आत गेला आहे. रस्ता नाही, पाऊस नाही, बाहेरून दिसणारा उजेड नाही. पाण्यात एकच पुरुष बसलेला आहे, आणि तो स्वतः हासुईच असे मानले जाते. कियोनागापासून दीडशे वर्षे ज्या चित्रांत छपराखालचे पाणी बहुधा बाहेरच्याने पाहिले, तिथे चित्रकार कपडे काढून पाण्यात उतरला.

युद्धाच्या अखेरीला तोक्योवर बाँब पडू लागले तेव्हा तो घर सोडून शिओबाराला गेला, लहानपणी जात असे त्याच दरीत. या वेळी तो निर्वासित होता. युद्ध संपल्यावरही तो लगेच परतला नाही. १९४८ पर्यंत तिथेच राहिला, आणि तिथूनच वातानाबेला रेखाटने पाठवत राहिला.